चार बोटांचं पत्र

ताईंनी पर्समधून एक घडी काढली, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली आणि शेजारी बसलेल्या भावजयीला म्हणाल्या, "हे बघ, मी विचारलं होतं की. तुमच्याच मासिकाला." रुग्णालयातल्या त्या लांबट खोलीत तेव्हा अकरा बायका बसल्या होत्या, सगळ्या भिंतीला पाठ लावून. मधल्या टेबलावर जुनी मासिकं पडली होती, आणि त्यातली तीन तर तिच्याच ऑफिसातून निघालेली. मुखपृष्ठावर दात दाखवणारी सपाट पोटाची बाई, तीन महिन्यांच्या तीन बाया, पोट मात्र एकच. तिने ताईंच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि वाचायच्या आधीच ओळखलं. पान बासष्ट, डावा कोपरा, गुलाबी चौकट. ती चौकट तिनेच निवडली होती. तिने आधी पाणी प्यायलं आणि मगच "कधी?" असं विचारलं. "झाले की अकरा महिने," ताई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. उलट आपण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, काहीतरी केलं होतं, याचं जरा समाधानच होतं.

ताई म्हणजे तिची थोरली नणंद. लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून आयुष्य काढलं. बायकांचे कपडे घट्ट-सैल करून देण्यात हात धरणारं कुणी नव्हतं. आणि ही, त्यांची भावजय, बायकांच्या आरोग्याच्या मासिकात सतरा वर्षं कामाला. ऑफिसात हिला कात्री म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण तिला ते नाव मनातून आवडतं. लेख कितीही फुगलेला असो, ही तो जागेत बसवून देते. संपादकबाई पाहुण्यांना सांगतात, "आमच्या कात्रीच्या हातात ज्ञानकोश द्या, ती त्याची चौकट करून देईल." पाहुणे हसतात, आणि ही मान खाली घालून लाजल्यासारखं करते.

पान बासष्टवर डॉक्टरबाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. म्हणजे द्यायच्या. खऱ्या डॉक्टरबाई होत्या, चांगल्या होत्या, ठसठशीत बोलायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कळवलं की, मला रोगी न बघता उत्तर देणं जमत नाही, क्षमा करा. क्षमा केली. फोटो मात्र राहू दिला, कारण फोटोतलं हसू वाचकांना आवडत होतं. तेव्हापासून उत्तरं कात्री देते. जुने अंक समोर ठेवायचे, गुडघ्याला गुडघ्याचं उत्तर, केसाला केसाचं, धाप लागणाऱ्या बाईला वजन कमी करा. आणि काहीही कळलं नाही तर पाणी भरपूर प्या. पहिल्या वर्षी तिचा हात अडखळायचा. मग दिसलं की कुणी मरत नाही, निदान कळवत तरी नाही. उलट आभाराची पत्रं येतात. पाणी प्यायलं, बरं वाटलं.

"वाचून दाखवू?" ताईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाचायला लागल्या, शाळेत धडा वाचावा तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून. प्रश्न: माझं वय एक्कावन्न. छाती जड वाटते, ठणकते, डावीकडे जास्त. मशीनवर बसलं की हात भरून येतो. उत्तर: या वयात असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. चहा-कॉफी कमी करा, योग्य मापाचे आतले कपडे वापरा, चिंता सोडा. छाती सुडौल ठेवणारे पाच सोपे व्यायाम याच अंकात पान अठरावर दिले आहेत. शेजारची जाडसर बाई कान देऊन ऐकत होती, ती म्हणाली, "छान सांगितलंय हो." ताई खुलल्या. म्हणाल्या, "डॉक्टरबाई फार छान सांगतात. माझी भावजय तिथंच असते ना." जाडसर बाईने कात्रीकडे आदराने पाहिलं. कात्रीला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं, आणि लगेच वाटलं, ताईंना काही कळलेलं नाही. दोन्ही एकदमच वाटलं. खरं सांगायचं तर दुसरं आधी वाटलं.

"पत्रं तुझ्यापर्यंत येतात का गं?" ताईंनी सहज विचारलं.

"नाही हो ताई. माझं काम नुसतं छपाईचं. पत्रं थेट डॉक्टरबाईंकडे जातात."

"तेच म्हटलं. नाहीतर तुला अक्षर कळलं असतं."

कळलं नव्हतं. कसं कळणार? ताईंचं अक्षर तिने पाहिलंच कुठे होतं? कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवरचे आकडे तेवढे पाहिले होते, छाती इतकी, कंबर इतकी. पंचवीस वर्षांच्या नात्यात ताईंनी तिला लिहून पाठवावं असं काही घडलंच नव्हतं. बोलणं व्हायचं तेही कपड्यांवरून. ताई तिचे कपडे शिवत, पैसे घेत नसत, माप घेताना टेप थंड लागू नये म्हणून आधी हातात धरून ऊन करत. अशी बाई आपल्याला का विचारत नाही, मासिकाला का विचारते? हा प्रश्न कात्रीने स्वतःला त्या खोलीत विचारला आणि विचारायला नको होता, कारण उत्तर तिला पाठ होतं. सात-आठ वर्षं झाली असतील. सगळे जेवायला बसले होते, तिचा नवरा, त्याचे दोन मित्र, मित्रांच्या बायका. ताईंनी हळूच तिच्याकडे झुकून विचारलं होतं, अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होतं गं, घामाने चिंब होते, हे काय असेल? हळूच विचारलं होतं, फक्त तिला. आणि हिने, तेव्हा हिची नुकतीच बढती झाली होती आणि चार माणसांत चटपटीत बोलायची हौस होती, मोठ्याने म्हटलं, "ताई, हे सविस्तर लिहून आमच्या मासिकाला पाठवा. नाव गुप्त ठेवलं जाईल." सगळे हसले. नवऱ्याला तर ठसका लागला. ताईही हसल्या, कानापर्यंत लाल होऊन, आणि वाढायला उठल्या. त्यानंतर त्यांनी शरीराबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आणि मग एक दिवस बाईने खरंच लिहून पाठवलं. सांगितलं तसं केलं. ताईंचा स्वभावच तो, सांगितलं तसं करायचं.

आत बोलावलं तेव्हा ताई म्हणाल्या, "तू चल गं, मला ते कठीण शब्द कळत नाहीत." शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, आणि दमलेली माणसं खरं बोलतात. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरले. गाठ, काखेतल्या गाठी, आणि हाडात एक ठिपका, तो त्यांना आवडलेला नाही असं म्हणाले. जणू भाजीवरचा डाग. "गाठ हाताला लागून किती दिवस झाले?" "वर्ष होईल." "वर्ष! आणि इतके दिवस काय करत होता तुम्ही?" ताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "व्यायाम." डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "कसला व्यायाम?" ताईंनी खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हात समोर जोडून कोपरं वर उचलली, पान अठरावरच्या चित्रातल्या बाईसारखी. "रोज वीस वेळा. एक दिवस चुकवला नाही." डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाले, वर्षभरापूर्वी आला असता तर गोष्ट वेगळी होती. आता आपण प्रयत्न करू. आणि कात्रीकडे वळून, "तुम्ही कोण?" "भावजय." "घरात लक्ष कुणाचंच नव्हतं का?" कात्रीने मान खाली घातली. ती मान खाली घालण्यात पटाईत होती, हे मघाशी सांगितलंच.

बाहेर आल्यावर ताई रडल्या नाहीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या, कठडा धरला, म्हणाल्या, "मला एक सांग. त्या पत्रात मी गाठीचं लिहिलं होतं की नाही?" "म्हणजे?" "अगं, मला आठवतंय की लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं. पण छापलंय त्यात तर नाही. आणि डॉक्टरबाईंना कळलं असतं तर त्या असं लिहितील का? मग मी लिहिलंच नसणार. लाजले असेन. पण आठवतंय असं की लिहिलं." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि परत थांबल्या. "जे व्हायचं ते होईल गं. पण माझ्यामुळे झालं की नाही, एवढं मला कळायला पाहिजे. रात्रंदिवस तेच घोळतं. तुमच्याकडे जुनी पत्रं ठेवतात का? बघशील?" कात्री म्हणाली, "बघते." दुसरं काय म्हणणार होती?

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पान बासष्टवर पाच पत्रं बसवायची असतात आणि बायका पत्रं लिहितात हातभर लांब. कात्रीची रीत ठरलेली. सुरुवातीचा स्तुतीचा परिच्छेद सोडायचा, तुमचं मासिक आम्हा सगळ्यांना फार आवडतं वगैरे. मग जिथे तक्रार सुरू होते तिथून कागदावर चार बोटं आडवी ठेवायची आणि खाली लाल रेघ मारायची. रेघेच्या वरचं टाइपाला जायचं, खालचं खोक्यात. हातचं अक्षर बारीक असेल तर तीन बोटं. पहिली दोन वर्षं ती खालचंही वाचायची. मग सोडलं. खाली बहुधा वरचंच पुन्हा असायचं, नाहीतर सासू, नाहीतर रडणं. पण गंमत ऐका, एकदा ऑफिसच्या बैठकीत तिनेच म्हटलं होतं की बाई खरी गोष्ट शेवटी लिहिते. दुखणं गुडघ्यापासून सुरू करते आणि खरं जिथे दुखतं तिथे शेवटच्या ओळीत पोचते, तेही सही करून झाल्यावर, कडेला, बारीक अक्षरात. संपादकबाई म्हणाल्या होत्या, "वा! यावर एक लेख कर ना." लेख केला. तो छापूनही आला. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

नवरा तिच्या कामाची टर उडवायचा. "दर महिन्याला तेच पोट, तीच कंबर, तेच व्यायाम. वाचतं तरी कोण हे? बाई शहाणी असेल तर तिला गरज नाही, आणि वेडी असेल तर उपयोग नाही." ती चिडायची, वाद घालायची. म्हणायची, ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही तिला महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतं, तू कशी आहेस, हे काय थोडं आहे? हे वाक्य तिचं आवडतं होतं. वर्धापनदिनाच्या अंकात संपादकबाईंच्या नावाने छापलंही होतं. आणि तरी स्वतःच्या घरात ती मासिक आणत नसे. फुकट मिळायचा तो अंक ती ताईंना द्यायची. दोन वर्षांमागे अंघोळ करताना तिला स्वतःलाच काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा तिने कॉफी कमी केली नाही. पान अठरा उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती शहरातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टरच्या दारात उभी होती आणि संध्याकाळपर्यंत तिला कळलं होतं की काही नाही, चरबीची गाठ आहे. जीव भांड्यात पडला. परत येताना तिने केक खाल्ला. तेव्हा आणि त्यानंतर कधीही तिच्या मनात आलं नाही की या शहरात अशाही बाया असतील ज्या आठ वाजता दारात न जाता लिहायला बसतात. वाचक म्हणजे तिच्या दृष्टीने अक्षर होतं. अक्षराला छाती नसते.

खोकी जिन्याखालच्या कोठडीत असतात. वर्षभर ठेवायची, मग रद्दीत. तिने ऑफिस सुटायच्या आधी किल्ली घेतली. बाहेर मुली पुढच्या अंकाच्या मथळ्यांवरून हसत होत्या, "पोट की पोटमाळा?" असं काहीतरी. अकरा महिन्यांपूर्वीचं खोकं खालून दुसरं निघालं. ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि शोधायला लागली. हात थरथरत होते असं लिहायला बरं दिसलं असतं, पण थरथरत नव्हते. सवयीचे हात होते, भराभर चालत होते. गुडघे, केस, पांढरं जाणं, झोप, नवऱ्याचं घोरणं. प्रत्येक पत्रावर लाल रेघ. प्रत्येकीच्या रेघेखाली काहीतरी होतं आणि आज पहिल्यांदा ते डोळ्यांना टोचत होतं. तिने ते वाचलं नाही. एकदा वाचायला लागलो तर सुटका नाही हे तिला कळत होतं.

ताईंचं पत्र वहीच्या पानावर होतं. वय एक्कावन्नपासून हात भरून येतोपर्यंत वरचा भाग. मग रेघ, पट्टी न धरता ओढलेली, शेवटाला जरा वर गेलेली, घाईत असताना तिची जाते तशी. आणि खाली: "डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक गाठ लागते, वाटाण्याएवढी. दुखत नाही. मी शिवणकाम करते. स्वतःचं माप मला पाठ आहे. दोन महिन्यांत डाव्या बाजूला पाव इंचाचा फरक पडला आहे आणि तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसते, चुणी घातल्यासारखी. माप चुकलं असेल म्हणून तीनदा घेतलं. डॉक्टरकडे जावं का? माझ्या सोबतीला कुणी नाही. भावजय आहे, ती तुमच्याकडेच कामाला आहे, हुशार आहे, पण तिच्यामागे खूप व्याप आहेत आणि मला तिच्याशी असलं बोलायची लाज वाटते. तिला कळू देऊ नका. तुम्ही जा म्हणालात तर मी उद्याच जाईन."

तिने ते एकदा वाचलं. मग परत वाचलं आणि दुसऱ्या वेळी तिचं लक्ष "हुशार आहे" वर अडखळलं. बरं वाटलं. होय, तिथे त्या कोठडीत, एक क्षणभर बरं वाटलं, आणि मग तिने स्वतःच्या गालावर मारल्यासारखा हात नेला पण मारलं नाही. "जा" ही दोन अक्षरंही नाहीत, एकच आहे. चौकटीत कुठेही मावलं असतं. कॉफीच्या जागी मावलं असतं. तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी डोक्यात हिशेब सुरू झाला, हे आणखी कुणी पाहिलंय का. टाइप करणाऱ्या मुलीने? ती रेघेच्या खाली कधी बघत नाही, तिला तसंच शिकवलंय. संपादकबाई? त्या खोक्याला हात लावत नाहीत. म्हणजे जगात हे खालचं अक्षर फक्त दोघींना ठाऊक. एकीला ते नक्की आठवत नाही. कात्रीने पत्राची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. खोकं होतं तसं लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताईंकडे गेली. वाटेत तिने ठरवलं होतं की सांगायचं. अगदी पक्कं ठरवलं होतं. वाक्यं जुळवली होती, ताई, तुम्ही लिहिलं होतं, सगळं लिहिलं होतं, मीच वाचलं नाही, उत्तरही माझंच. वाक्यं चांगली होती, छोटी होती. जुळवता जुळवता तिने त्यातला एक शब्द बदललाही होता. ताई मशीनवर बसल्या होत्या. उपचार सुरू व्हायच्या आत गिऱ्हाइकांचे कपडे संपवायचे म्हणून झपाटल्यासारख्या शिवत होत्या. तिला पाहून थांबल्या. "सापडलं?"

"सापडलं."

"मग?" ताईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायचा. "लिहिलं होतं का मी? गाठीचं?"

पर्स तिच्या मांडीवर होती. चेन उघडायची, कागद काढायचा, समोर धरायचा, एवढंच काम. ही बाई आयुष्यभर तुझे कपडे फुकट शिवत आली, हिचं अर्धं आयुष्य तू चार बोटांत मोजलंस, निदान हिला हिची आठवण तरी परत दे. हे सगळं तिला स्पष्ट कळत होतं. पण त्यापुढे हेही कळत होतं की कागद दाखवला की ताई आधी वाचतील, मग रेघेकडे बघतील, मग विचारतील, ही रेघ कुणाची? आणि मग नवऱ्याला कळेल. मित्रांना कळेल. ज्या ज्या जेवणात ती चटपटीत बोलली होती त्या त्या जेवणाला कळेल.

"नाही ताई," ती म्हणाली. "तेवढंच राहिलं होतं."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू मान हलवायला लागल्या. "वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "बघ, आता आठवतंय. पेन हातात धरून बसले होते. लिहू की नको, लिहू की नको. म्हटलं, पुरुष माणसं छापखान्यात असतील, वाचतील. आणि मग नसेलच लिहिलं. हो गं. नव्हतंच लिहिलं." डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी हातातल्या कपड्याला लागू नये म्हणून मनगटाने पुसलं. "मेली मी! लाजेपायी जीव घालवला. आणि मनातल्या मनात त्या डॉक्टरबाईंना किती बोल लावले. त्यांना बिचारीला काय स्वप्न पडणार होतं? तू भेटलीस तर माझ्या वतीने माफी माग त्यांची."

"मागते," कात्री म्हणाली.

"आणि तू कशाला रडतेस? तुझा काय दोष त्यात? उलट तूच एक धावपळ करतेस माझ्यासाठी." ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात ऊन होता. कात्री रडत होती हे तिला तेव्हाच कळलं, आणि रडता रडता तिला जाणवलं की सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं आहे आणि भूक लागली आहे. तिने त्याची लाज वाटून घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

ताईंनी तिला खायला दिलं, ती खात असताना समोर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "एक करशील? तुमच्या मासिकात छापशील? माझं नाव नको. पण बायकांना सांगा की माझ्यासारखं करू नका. गाठ असेल तर आधी गाठीचंच लिहा, लाजू नका, आडपडदा ठेवू नका. डॉक्टरबाई सांगायला बसल्या आहेत, पण आपण सांगितलं तर त्या सांगणार ना. एका बाईने जरी वाचलं तरी माझं हे झालेलं वाया जाणार नाही." आणि मग जरा अजिजीने, "छापतील ना गं ते?"

"छापतील की," कात्री म्हणाली. तिने ताट बाजूला सारलं, हात पुसला आणि पर्समधून वही काढली. पत्राची घडी बोटांना लागली, ती तिने आत ढकलली. ताई सांगत गेल्या, थांबत थांबत, योग्य शब्द शोधत, आणि ती लिहून घेत गेली. ताई बोलायला चांगल्या होत्या, कुठेही पाल्हाळ नव्हतं, शेवटचं वाक्य तर ऐकताना अंगावर काटा आला. पुढच्या अंकाचं हेच मुख्य पान होणार, संपादकबाई खूश होणार, आणि पत्रं येणार, ढिगाने येणार. शीर्षक तिला तिथेच सुचलं, आणि ते चांगलं होतं.